वेधशाळेची किल्ली गावाकडे असू द्या

प्रति,
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे,
आणि ठाणे जिल्हा नियोजन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य.

विषय : टिटवाळ्यात स्वयंसेवकांनी चालवायच्या सार्वजनिक वेधशाळेसाठी जागा आणि आसपासच्या पथदिव्यांना झाकण्या मिळण्याबाबत.

महोदय,



दर संकष्टीला टिटवाळ्याच्या महागणपतीला मोठी गर्दी लोटते. कल्याण, ठाणे, मुंबईहून माणसं कसारा लोकलने येतात, रांगेत उभी राहतात, दर्शन घेतात आणि रात्री चंद्रोदय झाला की उपास सोडतात. चंद्र किती वाजता उगवणार, हे त्या दिवशी घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. इतकी माणसं एकाच रात्री ठरवून पूर्वेकडे पाहतात, असं गाव आकाशाचा अभ्यास लोकांपर्यंत नेऊ पाहणाऱ्याला शोधूनही सापडणार नाही.

आणि तो चंद्रही दुर्बिणीतून पाहावा असाच असतो. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं, त्यामुळे सावल्या नसतात आणि डोंगर-विवरं सपाट दिसतात. कृष्ण चतुर्थीपर्यंत चंद्राच्या एका कडेवर सूर्यास्त सुरू झालेला असतो. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या भिंती लांबच लांब सावल्या टाकतात आणि चंद्राला खोली येते. चांद्रयान-3 चा प्रज्ञान रोव्हर 2 सप्टेंबर 2023 रोजी आणि विक्रम लँडर 4 सप्टेंबरला निद्रावस्थेत गेला, कारण ते उतरले त्या शिवशक्ती या जागी सूर्य मावळायला आला होता. ते दिवस कृष्ण चतुर्थीच्या आसपासचेच होते. म्हणजे दर संकष्टीला भाविक ज्या चंद्राची वाट पाहतात, त्या चंद्रावर विक्रम उभा आहे तिथला दिवस कलायला लागलेला असतो. हे टिटवाळ्यात आलेल्या माणसाला कुणी दाखवलं, समजावून सांगितलं, तर तो घरी जाताना चंद्रासोबत आपल्या देशाचं एक मोठं कामही पाहून जाईल.

आम्ही हौशी आकाशनिरीक्षक आहोत. नोकरी-धंदा सांभाळून, सुट्टीच्या आणि अमावास्येच्या रात्री लोकांना आकाश दाखवतो. त्यासाठी मानधन घेत नाही आणि मागणारही नाही. हे पत्र लिहिण्याचं कारण एकच : माणसं आहेत, ज्ञान आहे, दुर्बिणीही जमवता येतात, पण उभं राहायला कायमची जागा नाही. ती जागा फक्त आपण देऊ शकता.

महाराष्ट्रात ही चळवळ नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 22 ऑगस्ट 1944 रोजी स्थापन झाली आणि हौशी खगोलप्रेमींची देशातली सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते. मुंबईचं खगोल मंडळ 1985 मध्ये, हॅलेचा धूमकेतू यायच्या सुमारास सुरू झालं. धूमकेतू 1986 मध्ये येऊन गेला, मंडळ मात्र थांबलं नाही. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं घेऊन त्याने मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी पिढ्यांना पहिल्यांदा आकाशगंगा दाखवली. आपल्या कल्याणात आकाशमित्र मंडळाने हेच काम केलं. या संस्था चालल्या त्या स्वयंसेवकांच्या वेळेवर, हे खरं. पण प्रत्येकीमागे कुणीतरी दिलेलं एक छप्परही होतं. परिसंस्थेला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात जागा मिळाली, खगोल मंडळाच्या बैठकांना शीवच्या साधना विद्यालयाने वर्ग उघडून दिला. शाळेने आणि स्मारकाने जे केलं, ते महापालिकेला सहज करता येण्यासारखं आहे.

छप्पर आणि यंत्रं आहेत, पण मागे संस्था नाही, अशा ठिकाणी काय होतं याचंही उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. 1888 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी, मुंबई सरकारची मदत आणि प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांची चिकाटी यांतून ती झाली. 20 इंची आरशाची तिथली दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तुकडी घेऊन गेले आणि त्यांनी ग्रहणाचे शास्त्रशुद्ध वेध घेतले. पण ती वेधशाळा एका माणसाभोवती उभी होती. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची यंत्रं कोडाईकनालला गेली. नंतर तीन दशकांहून थोड्या अधिक काळाने पुण्यात परिसंस्था उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे असली दुर्बीण नव्हती, सभासद होते. ती आजही चालू आहे. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की मोठी इमारत आणि महागडं यंत्र यांपासून सुरुवात का करू नये, हे आपल्यालाही पटेल. वेधशाळेची किल्ली दर आठवड्याला वापरणारी माणसं आधी असावी लागतात. मग इमारत टिकते.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या आपणा सर्वांना आणखी एका माणसाची गोष्ट जवळची वाटेल. राधागोविंद चंद्र हे तेव्हाच्या बंगालमधल्या जसोरच्या सरकारी कोषागारात कारकून होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. दिवसा कचेरी आणि रात्री आकाश, असं करत त्यांनी तेजस्विता बदलणाऱ्या ताऱ्यांच्या 37 हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे पाठवल्या. हे काम चालू असतानाच त्याची कदर म्हणून 1926 मध्ये संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. पुढे तीच दुर्बीण तरुण वेणू बाप्पूंच्या हाती आली आणि नंतर तमिळनाडूतल्या कावलूरला पोचली, जिथली वेधशाळा आज बाप्पूंच्या नावाने ओळखली जाते. एका कारकुनाच्या अंगणातली दुर्बीण देशाच्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञापर्यंत गेली, कारण ती वापरात राहिली. ठाणे जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत, शाळांत, लोकलच्या डब्यांत असे किती राधागोविंद आहेत, हे कळायला एक उघडी दुर्बीण तरी हवी.

आता मुलांकडे या. राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकांत सातवीला ‘तारकांच्या दुनियेत’, आठवीला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ आणि नववीला ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’ असे धडे ओळीने येतात. नववीतला मुलगा अपवर्तन दुर्बीण आणि परावर्तन दुर्बीण यांच्या आकृत्या काढतो, नावं देतो, गुण मिळवतो. मांडा-टिटवाळ्यातल्या, गोवेली-रायत्याकडच्या किंवा मुरबाडच्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या ठाकूर-कातकरी मुलामुलींपैकी कितीजणांनी खऱ्या आयपीसला डोळा लावला आहे? पालकांना परवडलं, तर मूल वर्षातून एकदा नेहरू तारांगणात जातं. तो अनुभव चांगलाच, पण तिथे घुमटावर आकाश दाखवलं जातं. आकाशाखाली उभं राहून पाहणं वेगळं.

रात्रभराचे कार्यक्रम लांब असतात आणि त्यांना पैसे लागतात. मुलींना पाठवायला घरचे कचरतात. गाडी, मुक्काम, स्वच्छतागृह, सोबत कोण, परत कसं यायचं, या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत अमावास्या निघून जाते. टिटवाळ्यात चालत जाता येईल अशी जागा असली तर आठवीतली मुलगी संध्याकाळी सातला आईबरोबर येईल, गुरू पाहील आणि नऊला घरी जेवायला बसेल. हा फरक छोटा नाही. विज्ञानाकडे कोण वळणार आणि कोण नाही, हे अशा सोयींवर ठरतं.

जागा कायमची का हवी, याचं आणखी एक कारण आकाशातच आहे. एका कार्यक्रमात मुलाला शनी दिसतो, कडं दिसतं, टाळ्या पडतात. पण 2025 च्या मार्चमध्ये ते कडं पृथ्वीवरून पाहताना अगदी काठाने वळलं होतं, जवळपास रेघेसारखं. आता ते वर्षागणिक उघडत जाईल आणि 2032 च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल. आज पाचवीत असलेलं मूल कॉलेजात जाईपर्यंत ते दरवर्षी स्वतःच्या डोळ्यांनी उघडताना पाहू शकतं. गुरूचा आयो हा चंद्र साधारण 42 तासांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणून आज पाहिलेली चांदण्यांची ओळ उद्या बदललेली असते. गॅलिलिओने 1610 मध्ये रात्रीमागून रात्री हेच बदल कागदावर उतरवले आणि सगळं काही पृथ्वीभोवती फिरत नाही, हे त्याला पुराव्यानिशी सांगता आलं. एका रात्रीत हे कळत नाही. आज पाहायचं, वहीत आकृती काढायची, उद्या परत येऊन ताडून पाहायचं, ही सवय लागली की मूल कुठल्याही दाव्याला पुरावा विचारू लागतं. त्यासाठी त्याच जागी, तीच दुर्बीण, पुन्हा पुन्हा उघडी मिळायला हवी.

दुसरी मागणी दिव्यांची. ती अधिक तातडीची आहे, कारण जागा पाच वर्षांनी मिळाली तरी चालेल एकवेळ, पण अंधार गेला की परत आणणं फार कठीण.

जानेवारी 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. 2011 ते 2022 या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे पाहून 51 हजारांवर नोंदी पाठवल्या होत्या. त्यांवरून असं निघालं की रात्रीचं आकाश सरासरी दरवर्षी सुमारे 9.6 टक्क्यांनी उजळत आहे. जन्माच्या वेळी जिथून 250 तारे दिसत, तिथून ते मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत फक्त शंभरेक दिसतील. टिटवाळा या बदलाच्या ऐन सीमेवर आहे. नैर्ऋत्येला कल्याण, दक्षिणेला उल्हासनगर-अंबरनाथ यांचा झोत आकाशावर चढलेला दिसतो. पूर्वेला आणि उत्तरेला, मुरबाड-शहापूरच्या बाजूला, अजून काळोख शिल्लक आहे. नव्या इमारती, नवे रस्ते, नवे दिवे याच बाजूला येणार आहेत. म्हणून निर्णय आज घ्यायचा आहे.

आपला अक्षांश साधारण 19 अंश उत्तर. इथून ध्रुवतारा दिसतो आणि लंडनकरांना कधीच न दिसणारा अगस्त्यही दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू डोकं वर काढतो आणि नरतुरंगातला ओमेगा नावाचा महाप्रचंड तारकागुच्छ चांगला वीस अंश वर येतो. उत्तर आणि दक्षिण दोन्ही गोलार्धांचं आकाश मिळणं हे आपल्या भूमीचं धन आहे. पण त्रिशंकू नेमका शहरांच्या झोतात बुडतो.

रस्ते अंधारात ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला, स्टेशनवरून घरी चालत जाणाऱ्या मुलीला उजेड हवाच आणि तो मिळालाच पाहिजे. आमचं म्हणणं इतकंच की उजेड रस्त्यावर पडावा. झाकणी नसलेला, तिरपा लावलेला दिवा त्यातला काही प्रकाश थेट आकाशात आणि काही डोळ्यांत फेकतो. डोळे दिपले की दिव्यामागच्या सावलीत कोण उभं आहे ते दिसत नाही. झाकणी घातलेला, खाली वळवलेला दिवा कमी विजेत रस्ता अधिक चांगला उजळतो. प्रकाश पांढरा-निळसर असला तर हवेत जास्त विखुरतो, पिवळसर असला तर कमी. म्हणून 3000 केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे दिवे निवडावेत. वर जाणाऱ्या प्रत्येक किरणाचं वीजबिल महापालिकाच भरते, हेही लक्षात घ्यावं.

हे राज्यात घडलेलं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वनविभागाने परिसरातल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे वळवले आणि आकाश पाहण्यासाठी रात्रीची खास जागा तयार केली. लडाखमधल्या हान्लेने त्याही आधी गावकऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन पाहुण्यांना तारे दाखवायला उभं केलं. टिटवाळा जंगलात नाही, हे मान्य. इथे पेंचसारखा काळोख परत येणार नाही. पण वेधशाळेभोवतीच्या काही गल्ल्यांतले दिवे नीट केले, तर ग्रह, चंद्र, जोडतारे, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका यांसाठी पुरेसं आकाश नक्की मिळेल. 8 इंची आरशाची साधी डॉब्सोनियन दुर्बीण माणसाच्या डोळ्यापेक्षा सुमारे 800 पट प्रकाश गोळा करते. तिला काम करू देण्याइतपत अंधार हवा.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. टिटवाळा-मांडा परिसरात, पूर्व आणि दक्षिण क्षितिज मोकळं असलेल्या ठिकाणी, महापालिकेच्या शाळेची गच्ची किंवा एखादा लहान भूखंड वेधशाळेसाठी राखून ठेवावा. मोठा घुमट नको. सरकतं छप्पर असलेली एक खोली, दुर्बिणी ठेवायला पावसाळ्यात कोरडं राहणारं कपाट, स्वच्छतागृह आणि चढायला कठडा असलेला जिना, एवढं पुरेल.

2. जागा महापालिकेचीच राहावी, पण ती चालवण्याचा लेखी, दीर्घ मुदतीचा करार नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेशी करावा. करारात उघडण्याचे दिवस, प्रवेश, सुरक्षितता आणि वार्षिक हिशेब यांच्या अटी स्पष्ट असाव्यात. अधिकारी बदलले तरी दार बंद होऊ नये, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

3. जागेच्या भोवती अर्ध्या किलोमीटरमधल्या पथदिव्यांना झाकण्या बसवाव्यात आणि या भागात पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या दिव्याच्या निविदेत झाकणी आणि रंगतापमानाची अट घालावी.

4. दर संकष्टीला, पावसाळा वगळून, महागणपती परिसरात भाविकांना चंद्र दाखवण्यासाठी एक मोकळी, गर्दीला अडथळा न होणारी जागा मंदिर व्यवस्थापनाशी बोलून ठरवून द्यावी.

5. जिल्हा नियोजन समितीने आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना वर्षातून निदान दोनदा इथे आणण्यासाठी बसची तरतूद करावी.

बदल्यात आमच्याकडून काय, हे लेखी द्यायला आम्ही तयार आहोत. ऑक्टोबर ते मे दर शनिवारी आणि दर संकष्टीला वेधशाळा विनामूल्य उघडी ठेवू. दुर्बिणींची साफसफाई, आरसे जुळवणं, बुरशीपासून त्या जपणं, ही कामं आमची. दिवसा सूर्याचे डाग सुरक्षित गाळणीतून दाखवू. शिक्षकांना आणि कॉलेजातल्या मुलामुलींना शिकवून पुढचे स्वयंसेवक तयार करू, कारण एका माणसावर उभ्या राहिलेल्या वेधशाळेचं काय होतं हे पुण्याने 1912 मध्ये पाहिलं आहे. आकाशाचा उजेड नियमित मोजून त्याची नोंद दरवर्षी महापालिकेला देऊ. झाकण्यांचा उपयोग झाला की नाही, हे त्या आकड्यांवरून आपल्यालाच तपासता येईल.

हॅलेचा धूमकेतू 2061 मध्ये परत येणार आहे. आज दहा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा पंचेचाळिशीत असेल. खगोल मंडळ मागच्या फेरीला जन्मलं आणि पुढच्या फेरीपर्यंत चालावं अशी आमची इच्छा आहे. टिटवाळ्याची वेधशाळाही तोवर चालावी, इतक्या लांबचा विचार करून आपण हा करार करावा. खर्च एखाद्या बगीच्याच्या नूतनीकरणाहून मोठा नाही. त्यातून मिळणारी गोष्ट मात्र या भागातल्या मुलांना दुसरीकडे फुकट मिळणारी नाही.

पावसाळा संपताच जागांची संयुक्त पाहणी करण्यासाठी अभियंता, विद्युत आणि शिक्षण विभागांतल्या एकेका अधिकाऱ्याची नेमणूक करावी आणि पाहणीची तारीख आम्हाला लेखी कळवावी. त्या दिवशी आम्ही नकाशा, खर्चाचा अंदाज आणि स्वयंसेवकांची यादी घेऊन हजर राहू. रात्री त्याच जागेवर दुर्बीण लावू. आपण यावं, पाहावं आणि त्यानंतर निर्णय घ्यावा.

आपला नम्र,
टिटवाळ्याचा एक हौशी आकाशनिरीक्षक